सागरवेणी

लेकीने आईच्या डोक्यावर मगभर पाणी उपडं केलं आणि आई खुर्चीत ताठ झाली.

"अगं, बर्फ आहे का काय!"

"नळाचंच आहे. हलू नकोस."

"समुद्र याच्यापेक्षा ऊबदार असतो."

"मग तिथेच राहायला जा."

"जागा शोधतेच आहे. दोघींना पुरेल अशी मिळत नाही."

लेक हसली नाही. तिने दुसरा मग ओतला आणि केस मुळांपर्यंत भिजले का, हे बोटांनी चाचपून पाहिलं. हा आईचा पहिला नियम होता. कोरडा केस तहानलेला असतो, समुद्रात उतरला की खारं पाणी घटाघटा पितो. गोड्या पाण्याने त्याचं पोट आधीच भरलेलं असलं की फारसं घेत नाही. मग तेलाचे चार थेंब, तेही फक्त टोकांना. कपाळाकडे तेलाचं बोट लागलं तर पाण्याखाली डोळ्यांवर घालायचा मास्क घसरतो. आणि कपाळावर एकही बट सुटी राहता कामा नये. मास्कची रबरी कड कातडीला चिकटून बसते म्हणून पाणी बाहेर राहतं. तिच्याखाली एक केस जरी सापडला तरी त्याचा हात धरून पाणी आत येतं.

हौशी मंडळींच्या पाठीवर हवेची टाकी बांधून त्यांना समुद्राखाली न्यायचं, मासे आणि प्रवाळ दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हे आईचं पोटापाण्याचं काम. तिथे सगळे तिला मोठ्या मॅडम म्हणत. लांब केसांच्या बायका तिला हमखास विचारत, तुम्ही कापून का टाकत नाही? आई म्हणे, "कापले तर मासे ओळख देणार नाहीत."

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर अनोळखी माणसांच्या कानांमागचे केस बाजूला करून फ्रेम बसवायची. समुद्रात ती कधी गेली नव्हती. पाणी गुडघ्याच्या वर चढलं की ती किनाऱ्याकडे पळे. संध्याकाळी आईच्या केसांतून निघणारी वाळू, मिठाची खर, कधी शेवाळाचा एखादा धागा, एवढाच समुद्र तिच्या हाती लागला होता.

वेणीचं काम तिच्याकडे आलं ते दोनेक वर्षांपूर्वी. खांदा धरलाय, हात डोक्यामागे जात नाही, असं आई एका सकाळी म्हणाली आणि फणी तिच्यापुढे धरली. तेव्हापासून रोज सागरवेणी. टाळूपासून पेड उचलत, दोन्ही बाजूंचे केस त्यात गुंफत, डोक्याला घट्ट चिकटवून मानेपर्यंत आणायची. वर डोक्यावर रबरी टोपी चढते, त्यामुळे फुगा राहून चालत नाही.

"मालक दारातच उभा असतो," लेक पेड उचलता उचलता कुरकुरली. "त्याला काय सांगू? आईची वेणी घालत होते? या वयात?"

"सांग की. त्याला स्वतःचे केस नाहीत, जळेल मेला."

"मान सरळ."

"तू ओढ ना जरा. मी काही काचेची नाही."

लेकीने थोडं ओढलं आणि लगेच सैल सोडलं.

संध्याकाळी आई नेहमीसारखी वेणी सोडूनच परतली तेव्हा केसांच्या दोऱ्या झाल्या होत्या. लेकीने त्या धुतल्या आणि जाड दातांची फणी घेऊन खालून सुरुवात केली. गुंता टोकाकडून सोडवत वर जायचं. मुळाशी फणी घातली की केस तुटतो.

"आज एक पैलवान आला होता," आई म्हणाली. "बोटीच्या शिडीला मिठीच मारून बसला. बायको पाण्यातून हाका मारतेय, अहो या, अहो या. अहो काही सोडायला तयार नाहीत."

"मग?"

"मग काय. म्हटलं, घाबरलात हे बरं झालं. न घाबरणारे मला नकोत, तेच घात करतात."

फणी एका गाठीत अडली. लेकीने ती गाठ बोटांनी मोकळी केली. काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं होतं.

"काय गं?"

"काही नाही. शेवाळ आहे."

दुसऱ्या दिवशी दुकानात माल तपासायचा होता. लेक उजाडताच निघाली. आई ओट्याशी चहा गाळत होती, केस पाठीवर मोकळे.

"आज तुझं तू बघ," लेक दारात चप्पल चढवत म्हणाली.

"बघते की. जा तू."

दुपारी फोन आला तो कप्तानकाकांचा. आईची बोट तेच चालवायचे. "इस्पितळात आणलंय तिला," ते म्हणाले, "तू ये." त्या दोन शब्दांतच सगळं आलं. लेकीने हातातली फ्रेम पुसली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि मग निघाली.

डॉक्टर तरुण होता आणि सावकाश बोलत होता. आई वर आली, शिडीला हात लावला आणि तिथेच हृदय थांबलं. "कुठेही झालं असतं," तो म्हणाला. "घरात, बसमध्ये, कुठेही."

लेक मान हलवत राहिली.

"मास्कमध्ये पाणी होतं का?"

"काय?"

"मास्कमध्ये. एखादा केस अडकला तर पाणी येतं आत."

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाला. पण तिथे तो नव्हता, त्यामुळे त्याचं म्हणणं लेकीला पटलं नाही. ज्या खांद्याचा हात मागे जात नाही, त्या हाताने आईने कसेबसे केस गुंडाळले असणार. एक बट सुटली असणार. बाकीचं लेकीला न सांगता दिसत होतं.

मावशी आधीच पोचली होती. तिचे डोळे सुजले होते तरी तोंड चालू होतं. "इथल्या इस्पितळाच्या बाई म्हणताहेत, अंग पुसायचं तर केस सोडावे लागतील. समुद्राचे केस ते, फणी कसली शिरतेय त्यात! सरळ कापून..."

"कोणी हात लावायचा नाही. मी सोडते."

"अगं, तुला बघवणार नाही."

"मावशी, मी सोडते म्हटलं ना."

खोली थंड होती. तिथल्या बाईंनी चादर खांद्यापर्यंत खाली घेतली आणि त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. लेकीने पिशवीतून फणी काढली. मग ती तशीच हातात धरून उभी राहिली.

वेणी जागच्या जागी होती. टाळूपासून मानेपर्यंत, पेडाला पेड, दोरखंडासारखी घट्ट. लेकीने कपाळावरून बोट फिरवलं, मग कानशिलांवरून. एकही केस सुटा नव्हता. तिच्या हातून अशी वेणी कधी झाली नव्हती.

ती बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर कप्तानकाका बसले होते आणि शेजारी आईच्या हाताखालची मुलगी, जिला सगळे छोटी मॅडम म्हणत. तिच्या अंगात अजून पाणबुड्यांचा काळा सूट होता, वरून टॉवेल.

"आज तिची वेणी कोणी घातली? तू?"

"मी? नाही ताई. मॅडमनी स्वतःच."

"तिचा हात मागे जात नाही."

"कोणाचा?" छोटी मॅडम गोंधळली. "टाक्या तर त्याच उचलून ठेवतात. मला हात लावू देत नाहीत."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. "मग आजच घातली असेल. एरवी मी घालते. रोज घरून घालून पाठवते."

छोट्या मॅडमने टॉवेल गळ्याशी ओढून घेतला. ती जमिनीकडे पाहू लागली. कप्तानकाका खाकरले.

"सांग तिला," ते म्हणाले. "आता काय राहिलंय लपवायचं."

"बोट धक्क्यापासून सुटली की त्या वेणी सोडायच्या, ताई. रोज. आणि पुन्हा घालायच्या, गप्पा मारता मारता. तुमची सैल व्हायची, टोपीत फुगायची." तिने नाक पुसलं. "मी एकदा म्हटलं, मॅडम, मग घरीच सांगा ना, घट्ट घाल म्हणून. तर म्हणाल्या, असू दे. पोरीचा हात भितो. सकाळची तेवढीच घटकाभर असते माझ्यापाशी."

व्हरांड्यात कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ते वळणाआड गेलं तेव्हा लेकीने विचारलं.

"मास्क?"

"कोरडा होता. मीच काढला, माझ्या हाताने. आत थेंबसुद्धा नव्हता."

लेकीच्या तोंडून एक आवाज निघाला. कप्तानकाका उठले, त्यांना वाटलं ती रडतेय. रडणं नव्हतं ते, पण हसू म्हणावं तर तसंही नव्हतं. तिने भिंतीला हात टेकला. मग त्यांच्या दंडावर थोपटलं, जणू त्यांनाच आधार हवा होता, आणि ती परत खोलीत गेली.

"सोडताय ना केस?" बाईंनी विचारलं.

"नको. राहू दे."

दारात आलेली मावशी म्हणाली, "अगं, असं कसं? खाऱ्या पाण्याचे, तसेच?"

"तिने घातलीये ती. राहू दे."

मावशी आणखी काही बोलणार होती. बाईंनी तिच्या कोपराला हात लावला आणि दोघी बाहेर गेल्या. दार ओढल्याचा आवाज आला.

लेकीने फणी पिशवीत टाकली. कोपऱ्यात एक लोखंडी स्टूल होतं, ते ओढून ती आईच्या तोंडाशी बसली. दोन वर्षं सकाळी तिला आईचा फक्त भांग दिसायचा. केस ताणून घेतल्यामुळे आईच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या. लेकीचं काहीतरी विचारायचं राहिलं आहे आणि ते ऐकून घ्यायला आई थांबली आहे, तशा. गालावर मास्कच्या कडेचा वळ अजून होता.

लेकीने त्या वळावर अंगठा ठेवला.

"आई," ती म्हणाली. "आज नको ना जाऊस."