डस्टरचा दुसरा ठोका

तुलाराम तितिरमारे सरांना देवानं गळा दिला होता, ताल दिला होता, पोट्ट्यांबद्दल मायाही भरपूर दिली होती. फक्त छातीतली धडधड आवरायची युक्ती तेवढी द्यायची राहून गेली होती. आंधळगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. तेही तासिकेवर, म्हणजे संस्थेला वाटलं तोवर. आता मात्र ती जागा पक्की भरायचं ठरलं होतं. बुधवारी भंडाऱ्याहून विषयतज्ज्ञ मॅडम येणार, मागच्या बाकावर बसून त्यांचा तास पाहणार, आणि त्यावरून ठरणार, की सर इथंच राहतात, की तुमसरच्या राइस मिलमध्ये पुन्हा काट्यापाशी उभे राहून धानाची पोती तोलतात. चार बुकं शिकून माणूस काट्यापाशी उभा राहिला म्हणून काही कमी होत नाही, हे सरांना कळत होतं. पण फळ्याजवळ उभं राहण्याचं वेड एकदा लागलं की लागलं.

तासासाठी धडा त्यांनीच निवडला होता, आर्टिकल्स. ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’. हे तीन चिमुकले शब्द आपल्या भाषेत नाहीत, म्हणून मोठमोठी पोरंसुद्धा ते एकतर गाळतात, नाहीतर भाजीवर कोथिंबीर टाकावी तसे कुठंही टाकतात. सरांनी त्यावर आपली एक वाट काढली होती, आणि ती वाट थेट कीर्तनातून येत होती.

“बुवा आख्यान कसं लावतात, पाह्यलं का?” ते वर्गाला विचारायचे. “गादीवर उभे राह्यले अन् पहिल्याच झटक्यात ‘तो राजा शिकारीले गेला’ असं म्हणतात का? लोक म्हणतीन, कोणता राजा बाप्पा? बुवा आधी म्हणतात, एक राजा होता. ओळख करून देतात. एकदा ओळख झाली, का मंग तो राजा, तो वाघ, ते जंगल. ‘अ’ म्हणजे ओळख करून देणं, अन् ‘द’ म्हणजे ओळख पटलेली.”

मुलांना हे पटायचं. गावात कीर्तन न ऐकलेलं पोर सापडणं कठीण. मग सर वाक्य म्हणायचे, रिकाम्या जागेशी थांबायचे, लाकडी डस्टर टेबलावर हाणायचे, आणि सगळा वर्ग टाळकऱ्यांसारखा ती जागा उचलून धरायचा. डस्टर तेव्हा नुसता तालासाठी होता.

घोटाळा झाला तो मॅडमांची तारीख आल्यावर. प्राचार्य भूपेंद्र पटले वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, “तितिरमारे, त्या दिवशी वर्ग बोलला पाहिजे. एका आवाजात. मरगळ दिसली की मॅडम तिथंच वही मिटतात म्हणे.” त्या दिवसापासून सरांच्या हाताला आपोआप सवय लागली. ‘अ’ हवा असला की एक ठोका, ‘द’ हवा असला की दोन, आणि ‘अ‍ॅन’साठी डस्टर टेबलावरून सर्रकन घासत न्यायचा. हे सगळ्यात आधी पहिल्या बाकावरच्या जीवनच्या ध्यानात आलं, आणि दोनच दिवसांत वर्गाच्या. वर्ग असा गरजू लागला की शेजारच्या वर्गातले सर खिडकीतून डोकावून गेले.

“सर, हे भल्लं मस्त हाये,” जीवन म्हणाला. “डोकं लावायचं कामच नाही!”

सर हसले. पण ते वाक्य भातातल्या खड्यासारखं त्यांच्या दाताखाली राहिलं.

एक मुलगी मात्र डस्टरकडे पाहतच नसे. मनाली मेश्राम. मूळची नाकाडोंगरीची, इथं बेबीबाई नावाच्या मावशीकडे राहून शिकायची. ती फळ्याकडे पाहायची, कपाळाला आठ्या घालून मनातल्या मनात सगळं वाक्य उभं करायची आणि मग बोलायची. उत्तर बरोबर असायचं, पण उशिरा. सगळ्या वर्गाचा ‘द!’ छपराला जाऊन आदळायचा, शांतता व्हायची, आणि त्यानंतर मागून एक बारीकसा ‘द’ यायचा.

“आली रे बाप्पा, तुमसर रोडची लेट गाडी आली!” जीवन ओरडायचा. वर्ग हसायचा, मनालीही हसायची. सरांना मात्र अलीकडे हसू येईना. मॅडमांना हे शेपूट कसं दिसेल? वर्गाची तयारी नाही, असंच ना?

मंगळवारी दुपारी त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं.

“मनाली, बेटा, उद्याच्या दिवस एक कर. उद्या तू फक्त ओठ हलव.”

“म्हणजे बोलू नोको?”

“बोल नं. पण आवाज नोको काढू.”

“माहं उत्तर चुकते का सर?”

“नाही वं, चुकत नाही.”

“मंग काहून?”

सरांनी खिशातला खडू काढला, पुन्हा ठेवला. “ताल जाते,” ते म्हणाले.

“बरं सर,” मनाली म्हणाली आणि वर्गात गेली. ती रुसली असती, तर सरांना सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी विठ्ठल-रखुमाईच्या देवळात कीर्तन होतं. एरवी सर टाळ गळ्यात अडकवून उभे राहिले की त्यांना जगाचा विसर पडायचा. त्या दिवशी टाळ हातात होते आणि मन उद्याच्या मागच्या बाकावर बसलं होतं. ध्रुपद सुरू झालं, आणि सर तालाच्या पुढं धावू लागले.

मृदंग थांबला.

या मंडळाची ही जुनी रीत. मृदंगावर म्हातारे भैय्याजी बसायचे. कोणी टाळकरी धावू लागला की ते कातड्यावरचा हात नुसता वर उचलायचे. नाव घ्यायचे नाहीत, डोळे वटारायचे नाहीत. हात वर गेला की सगळे थांबायचे, बुवासुद्धा. धावणाऱ्याला आपोआप कळायचं. तो श्वास घ्यायचा, आणि ध्रुपद पुन्हा पहिल्यापासून. यात कोणाला कमीपणा वाटत नसे. देवापुढं चुकायचं नाही तर कुठं चुकायचं? पण त्या दिवशी तो हात दोनदा उचलला गेला, आणि दोन्ही वेळा सरांसाठीच.

बुक्का लावून झाल्यावर भैय्याजींनी त्यांना गाठलं. “काय गा तुलाराम, देव कुठं पळून चालला का?”

“उद्या तास हाये नं भैय्याजी, मॅडमचा.”

“मंग? तो उद्याच येईन. आज कायले त्याले ओढून राह्यला?”

घरी जेवायला बसले तर बायको शकुंतला म्हणाली, “अवो, जेवून राह्यले का ताटावर ठोके देऊन राह्यले?” सरांनी पाहिलं. उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर वाजत होतं. एक. दोन. एक.

बुधवारी मॅडम आल्या. सुती साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, बोलणं कमी. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पटले सर दारातच उभे राहिले, वरात आली की मुलीचा बाप उभा राहतो तसे.

सरांनी मनातल्या मनात पांडुरंगाचं नाव घेतलं आणि सुरुवात केली. राजाचं सांगितलं, ओळखीचं सांगितलं. मग वाक्यं. “आय सॉ…” ठक्. “अ!” वर्ग गरजला. “टायगर. अँड…” ठक्-ठक्. “द!” “टायगर सॉ मी!” वर्ग हसला, मॅडमांचा पेनही चालू लागला. तिसऱ्या बाकावर मनाली प्रामाणिकपणे ओठ हलवत होती. आवाज नाही. वर्ग एकसंध, शेपूट नाही. सरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग पाहायचं टाळलं.

घंटेला थोडाच वेळ उरला होता. आता एक गोष्ट सांगून शेवट गोड करायचा, एवढंच राहिलं होतं. सरांच्या तळहाताला घाम सुटला होता.

“वन्स,” ते म्हणाले आणि डस्टर उचलला, “…वुमन लिव्ह्ड इन नाकाडोंगरी.”

ओळख करून द्यायची होती. एकच ठोका द्यायचा होता. पण घामेजल्या हातातून डस्टर निसटला, टेबलावर आपटला, उसळला आणि पुन्हा आपटला.

ठक्-ठक्.

“द!” सगळा वर्ग एका आवाजात गरजला. छाती फुगवून, आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या आवाजात.

सरांनी वर्गावरून नजर फिरवली. जीवनचा चेहरा आनंदानं फुललेला. दुसऱ्या बाकावरची प्रतिक्षा शेजारणीकडे चमकून पाहत होती, पण ‘द’ तीही म्हणाली होती. आणि मनाली? मनालीचे ओठ बंद होते. सगळा तास इमानानं हलणारे ते ओठ मिटले होते, आणि ती फळ्याकडे पाहत होती, जणू घरात कोणी अनोळखी बाई येऊन बसली आहे आणि ती कोण, हे सांगायला कोणीच तयार नाही.

मॅडमांची मान खाली होती. त्या लिहीत होत्या. ऐकलं असेल का त्यांनी? नसेलही. पुढचं वाक्य म्हटलं तर हे बुडून जाईल. पुढच्या वाक्यात तर ‘द’च यायचा होता, दोन ठोके आणि गाडी सरळ रुळावर. दारातून पटले सर डोळ्यांनी सांगत होते, चला पुढं, चला. सरांनी डस्टर उचलला. राइस मिलचा काटा, तिथली कोंड्याची धूळ, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

हात वर होता, आणि तो वरच राहिला. कोणीतरी मृदंगावरचा हात उचलावा, तसं त्यांना झालं. आता पुढं कसं धावणार?

त्यांनी डस्टर खिडकीत नेऊन ठेवला.

“मनाली, काहून थांबली?”

सगळा वर्ग वळला. मनाली उठून उभी राहिली. तिला काय करावं कळेना.

“सर, तुम्हीच म्हटलं होतं नं, का फक्त ओठ हलव म्हणून…”

मागच्या बाकावरचा पेन थांबला. दारातून पटले सरांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. तुलाराम सरांच्या कानशिलांतून वाफ निघत होती.

“म्हटलं होतं. चुकलं माझं,” ते म्हणाले. “आता आवाज काढ.”

मनालीनं वेळ घेतला. नेहमीसारखाच.

“सर, ती बाई कोण होय?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“नाही, म्हणजे आपली तिच्याशी ओळखच नाही झाली नं. अन् सगळे एकदम ‘द’ म्हणून राह्यले. मले पुढं जाताच नाही आलं.”

मॅडम उठून पुढं आल्या. “बरोबर आहे. बस. बाकीच्यांनी ‘द’ का म्हटलं?”

जीवन उभा राहिला. त्याला वाटलं, सरांना वाचवायची हीच वेळ आहे.

“मॅडम, त्यात आमची चूक नाही. दोन ठोके पडले.”

“म्हणजे?”

“एक ठोका म्हणजे अ, दोन म्हणजे द. घासला का अ‍ॅन.”

पटले सरांनी कपाळाला हात लावला. मॅडमांनी तुलाराम सरांकडे पाहिलं. “खरं आहे?”

“हो मॅडम.”

“मग उरलेला वेळ डस्टरशिवाय घ्या.”

सरांनी घेतला. तास कसला, चिखलात रुतलेली गाडी. वाक्य म्हणायचं, थांबायचं, आणि समोर नुसती शांतता. जीवन दोनदा चुकला, तिसऱ्यांदा डोकं खाजवत बरोबर बोलला. प्रतिक्षा आधी ‘अ’ म्हणाली, मग “थांबा थांबा सर” म्हणत स्वतःच सुधारली. मनाली उशिरा बोलली. पण आता सगळेच उशिरा बोलत होते, त्यामुळे तिचा उशीर कोणाला कळलाच नाही. घंटा झाली तेव्हा सरांचा सदरा पाठीला चिकटला होता.

मॅडम प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होत्या आणि सर बाहेर उभे होते. पटले सर एकदा बाहेर येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “तितिरमारे, काय करून ठेवलं हे? त्या पोट्टीले उठवायची काय गरज होती? चाललं होतं नं चांगलं!” चाललं तर होतंच.

मॅडम बाहेर आल्या. गाडीकडे जाता जाता थांबल्या. “ते राजाचं, ओळखीचं कुठून आणलं?”

“कीर्तनातून, मॅडम.”

“हं.” त्यांनी चष्मा पुसला. “ती मुलगी नेहमीच अशी उशिरा बोलते?”

“नेहमीच.”

“मग उद्यापासून तिच्यासाठी थांबत जा.”

एवढं बोलून त्या गाडीत बसल्या. धूळ खाली बसेपर्यंत सर तिथंच उभे होते. उद्यापासून, असं म्हणाल्या. म्हणजे उद्या आपण असणार का? की हे आपलं बोलायचं म्हणून बोलल्या? त्यांनी पटले सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “मला काही बोलल्या नाहीत. अहवाल येईल तेव्हा कळेल.” आणि दार लोटून घेतलं.

सायकल स्टँडवर मनाली कुलूप काढत होती. सर जवळ गेले. “मनाली, कालचं ते… मी तुले तसं म्हणायले नोको होतं.”

ती विचार करू लागली. सरांचं बोट सायकलच्या सीटवर वाजायला निघालं होतं; त्यांनी मूठ मिटली आणि थांबले. स्टँड रिकामा होत गेला. जीवन “चाललो सर!” म्हणत घंटी वाजवत निघून गेला. सर थांबलेच.

“मले थोडं वाईट वाटलं होतं,” अखेर मनाली म्हणाली. मग म्हणाली, “सर, त्या नाकाडोंगरीच्या बाईचं पुढं काय झालं? गोष्ट तं राह्यलीच.”

“उद्या सांगतो,” सर म्हणाले.

ती पायडल मारत रस्त्याला लागली. सरांच्या छातीत पुन्हा धडधड सुरू झाली. उद्या सांगतो, असं म्हणून तर बसलो. पांडुरंगा, आता तो उद्या तेवढा असू दे.