मालक नसतानाचे प्रेक्षक

तपासनीस बाईंना संशय घेण्याचाच पगार मिळत होता आणि त्या पगाराला जागत होत्या. कुठल्या घरात टीव्हीवर काय बघतात हे मोजणारी त्यांची कंपनी. निवडक घरांत टीव्हीच्या मागे कंपनीचा एक डबा बसवलेला असे आणि सोबत एक छोटा रिमोट. टीव्हीच्या खोलीत बसलं की प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. या कटकटीच्या बदल्यात त्या घराला सगळ्या वाहिन्या फुकट.

गेल्या वर्षी बाईंनी एका गोडबोल्या कुटुंबावर विश्वास टाकला होता. एका वाहिनीच्या माणसाकडून भेटवस्तू घेऊन ती मंडळी रिकाम्या खोलीत टीव्ही चालू ठेवत होती, हे नंतर उघडकीला आलं. साहेबांनी बाईंना लेखी समज दिली आणि पुन्हा असं झालं तर घरी बसावं लागेल, हे तोंडी सांगितलं. तेव्हापासून कुणी पाण्याचा पेला पुढे केला तरी बाई आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

या वेळी भानगड गोल्फची होती. गोल्फ म्हणजे एकच माणूस, असं ऑफिसात सगळे मानत. त्याला ते गमतीने 'मालक' म्हणत. मालक मैदानात उतरले की ज्यांना काठी कुठल्या बाजूने धरतात तेही माहीत नाही, असे लोकसुद्धा टीव्हीसमोर फतकल मारून बसत. मालक पहिल्या दोन दिवसांत बाद झाले की शनिवार-रविवारी प्रेक्षकांचा आकडा धाडकन खाली. उरलेले खेळाडू तोच खेळ तितक्याच जीव तोडून खेळत, पण त्यांना विचारतो कोण? यंदा मालकांची पाठ धरली आणि ते विश्रांतीवर गेले. घराघरांतला गोल्फ बंद पडला. फक्त एका घरात तो वाढला. गुरुवार ते रविवार, सकाळपासून बक्षीस देईपर्यंत. प्रेक्षक एक. स्त्री, वय एकसष्ट.

"एकसष्ट वर्षांची बाई मालकांशिवाय गोल्फ बघते," साहेब म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय. जाऊन या. आणि या वेळी डोळे उघडे ठेवा."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्यांचं. दार उघडणाऱ्या काकू कपडे अल्टर करून देत. खिडकीशी शिलाई मशीन आणि त्याच्याजवळ टाचायला आलेल्या पँटींचा ढीग. त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामातून निवृत्त झालेले. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, बसा म्हणाले नाहीत आणि बाहेरही आले नाहीत. बाईंच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. दुसरी चुकचुकली भिंतीवरचा टीव्ही बघून. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंची रया गेलेली आणि टीव्ही मात्र कोरा, हा एवढा मोठा.

"टीव्ही नवा दिसतोय, काकू."

"जुन्यावर माणसं फार बारीक दिसायची."

बाईंनी वहीत टिपून घेतलं. "गोल्फची आवड कधीपासून?"

"झालं की वर्षभर."

"एका फेरीत किती होल असतात?"

काकूंनी यजमानांकडे बघितलं. यजमानांनी जमिनीकडे. "असतील वीसेक," काकू म्हणाल्या.

"रविवारी कोण जिंकलं?"

"तिकडे नाही बुवा लक्ष दिलं."

"टीव्ही तर शेवटपर्यंत चालू होता."

"होता की. मी समोरच होते."

चार दिवस गोल्फ बघून जिंकलं कोण हे न कळणारा प्रेक्षक बाईंनी आजवर पाहिला नव्हता. चोर सापडल्याचा आनंद त्यांना झाला आणि तो त्यांनी लपवला. पाणी मागायच्या निमित्ताने त्या स्वयंपाकघराकडे निघाल्या. यजमान नाइलाजाने बाजूला सरकले. दाराच्या आत, भिंतीला चिकटून एक उंच स्टूल होतं. बाजूच्या फळीवर दुर्बिणीसारखा जाड भिंगांचा चष्मा आणि अर्धा प्यालेला चहा. बाई स्टुलावर बसून बघतात तर टीव्ही थेट समोर. बाहेर मशीनवर बसलेल्या माणसाला मात्र स्टूल दिसायचं नाही.

"काका, तुम्ही इथून बघता."

"मला काय देणंघेणं त्या खेळाशी?"

"मग चष्मा इथे कशाला? आणि बघता तर बटण का दाबत नाही?"

"मी खोलीत नसतो," काका म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

एक खोटं बोलते, दुसरा लपतो. बाई बाहेर आल्या. "काकू, आता आडपडदा नको. टीव्ही लावून ठेवायला कुणी सांगितलंय? सांगा, नाहीतर डबा आत्ताच काढते."

काकू मशीनजवळच्या खुर्चीत बसल्या. "आम्ही खेळ बघतच नाही, ताई. आमच्या मुलाला बघतो. एका खेळाडूची काठ्यांची पिशवी उचलतो तो. ह्यांना त्याला लिफ्टच्या कामाला लावायचं होतं. शब्दाला शब्द वाढला, हे म्हणाले चालता हो, आणि तो खरंच गेला. अडीच वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही. फक्त इथे दिसतो."

"मग ते बडे खेळाडू, आमचे 'मालक', खेळत होते तेव्हा का नाही बघितलंत?"

"तेव्हा लावला की मीच बंद करायचे. कॅमेरा त्या एकट्याच्या मागे. तो घाम पुसतो, तेही दाखवतात. आमच्या पोराचा खेळाडू साठावा, त्याला कोण विचारतं? आता तो बडा घरी बसलाय म्हणून बाकीच्यांना दाखवावं लागतं. गेल्या चार दिवसांत सहा वेळा दिसला." काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "सांगायची लाज वाटते, पण मी रोज देवाला म्हणते, त्या माणसाची पाठ आणखी थोडे दिवस दुखू दे."

बाईंनी असल्या कहाण्या पुष्कळ ऐकल्या होत्या. "दाखवा," त्या म्हणाल्या.

दुपारी रविवारचा खेळ पुन्हा दाखवत होते. पाऊण तास हिरवळीशिवाय काही नाही. मग एक खेळाडू आला आणि त्याच्या मागे खांद्यावर पिशवी घेतलेला एक किडकिडीत तरुण. "हा," काकू म्हणाल्या. चार-पाच सेकंद, बस. बाईंनी त्या तरुणाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. सवयीने त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती. काका दोन पावलं बाहेर आले होते आणि आपण बाहेर आलोय हे त्यांना कळलंही नव्हतं.

"वाळलाय," ते कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले.

बाईंचा विश्वास बसला, आणि पंचाईत झाली. टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या खेळात घरातलं कुणी कामाला असेल, तर त्या घरात डबा ठेवता येत नाही, असा नियम. डबा गेला की फुकटच्या वाहिन्या गेल्या, आणि ही खेळाची वाहिनी या घराला झेपणारी नव्हती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. स्वर आनंदी. मालक पुढच्या आठवड्यात परत खेळणार होते. "त्या घराचं काय निघालं?"

"फॉर्म भरून सांगते," बाई म्हणाल्या.

फॉर्मवर तो प्रश्न होताच, आणि उत्तर कुटुंबप्रमुखाने सही करून द्यायचं होतं. त्याने 'नाही' म्हटलं की बाई नामानिराळ्या. कुणी आपल्याशी खोटं बोलावं, असं नोकरीत पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी नियम समजावून सांगितला, डबा का जाईल तेही सांगितलं, आणि मग प्रश्न सावकाश वाचला. "या घरातलं कुणी अशा खेळात काम करतं का? मघाशी तुम्हीच म्हणालात काका, तुमचं काही देणंघेणं नाही."

काकू नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. अडीच वर्षं शेजारीपाजारी विचारत तेव्हा हा माणूस न अडखळता म्हणत आला होता, आम्हाला मुलगा नाही. आज तेवढंच म्हणायचं होतं.

"करतं," काका म्हणाले. "माझा मुलगा."

"अहो," काकू एवढंच म्हणाल्या.

बाईंनी लिहिलं. पुढच्या रकान्याशी त्यांचं पेन अडलं. तो रिकामा सोडता येत नव्हता. "त्याचा राहण्याचा पत्ता?"

काकांनी खुर्ची ओढली आणि टीव्हीसमोर बसले.

"हाच लिहा," ते म्हणाले.