अण्णांचं रीळ

मासे धरायचं रीळ म्हणजे काय, हे कोल्हापुरात, राजारामपुरीत कुणाला समजावून सांगायला जाऊ नये. समोरच्या फ्लॅटवाल्यांना वाटलं, मी शिलाई मशीन दुरुस्त करतोय. वाटू दे. तेल तरी तेच लागतं.

रीळ विलायती आहे, पितळेचं, तळहाताएवढं. ते गळाच्या काठीच्या बुडाला बसवायचं. त्यावर दोरा गुंडाळलेला असतो आणि दोऱ्याच्या टोकाला माशीसारखी दिसणारी पिसांची गरी. मासा दोरा घेऊन पळाला की फिरकी कर्रर्र ओरडते. अण्णा, म्हणजे माझे वडील, राधानगरी धरणावर नोकरीला होते तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबानं जाताना त्यांना ते दिलं. लहानपणी घरात कशालाही हात लावायची मला मुभा होती, रीळ सोडून. "मोडशील," एवढंच म्हणायचे. मी पॉलिटेक्निकात पोरांना यंत्रं शिकवून निवृत्त झालो, तरी रीळ आपलं त्यांच्या ट्रंकेत.

दोन वर्षं झाली, अण्णा कुणाला ओळखत नाहीत. माझ्या बायकोला, वर्षाराणीला, ते ताई म्हणतात. म्हणजे निदान घरातली तरी समजतात. मला पावणं म्हणतात. रोज सकाळी चहा घेऊन गेलो की विचारणार, "कुठलं म्हणायचं पावणं?" मी म्हणतो, इथलाच. सुरुवातीला गंमत वाटायची. मग राग यायला लागला, तोही आजारी माणसाचा. मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून माझं नाव, 'धैर्या', ऐकायचं होतं. हाक मारली नाही तरी चालेल, शिवी दिली तरी चालेल.

परवा खालून कुणीतरी सायकल ढकलत नेली. मागचं चाक कर्रर्र वाजलं आणि अण्णांनी मान वर केली. उजवा हात हवेत हळूहळू गोल फिरला. मला तेवढं पुरलं. लगेच ट्रंक उघडली.

"कशाला आस लावून घेताय?" वर्षाराणी म्हणाली. "फोटू दाखवलासा, भजनं लावलीसा. काय झालं? तुम्हीच चार दिवस धड जेवला न्हाईसा."

"या वेळी वेगळं आहे," मी म्हणालो. दर वेळी असंच म्हणतो, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

रीळ जाम झालं होतं. स्क्रू सोडवताना घाम फुटला, आणि उघडून बघतो तर आत सगळा लालपिवळा दगड. हळद, कुंकू आणि खोबरेल तेल! आई दर खंडेनवमीला कोयता, पाना आणि अण्णांच्या मोजायच्या टेपबरोबर हेही पाटावर मांडायची. वर झेंडू ठेवायची आणि फिरत राहावं म्हणून तेल सोडायची. थंडीत थिजणारं खोबरेल, तेही यंत्रं शिकवणाऱ्या मास्तराच्या घरात. आईला जाऊन किती वर्षं झाली, तरी मी तिच्यावर चिडलो. फिरकीच्या कण्याला चिकटलेली झेंडूची एक काळी पाकळी निघाली, तेव्हा गप्प बसलो.

सगळे भाग पेट्रोलमध्ये भिजत घातले, जुन्या टूथब्रशनं घासले. आवाज करणारा दाता, सायकलवाले ज्याला कुत्रं म्हणतात तो, शाबूत होता. त्याला दाबून धरणारी स्प्रिंग मात्र गंजून तुटली होती. तसली स्प्रिंग कोल्हापुरात कोण देणार? वर्षाराणीच्या केसांची टिकटिक पिन कापली, कानशीनं घासली, वाकवायला गेलो तर तुटली. दुसरीही तुटली.

"आता मी काय मोकळ्या केसांनी हिंडू व्हय?" ती म्हणाली, आणि डोक्यातली पिन काढून माझ्यापुढं ठेवली.

ही पिन मात्र नीट बसली. कण्यावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, फिरकी चढवली, मूठ फिरवली. कर्रर्र. वर्षाराणी चपाती तव्यावर तशीच टाकून बाहेर आली. आत जाऊन तिनं अण्णांच्या पाठीशी उशी लावली आणि त्यांना बसवलं.

मी त्यांच्यासमोर बसून रीळ फिरवलं. अण्णांचे डोळे उघडले, नुसते उघडले नाहीत, जागे झाले. त्यांनी हात पुढं केला. रीळ कानाशी धरलं, दोन फेरे दिले, अंगठ्यानं कड दाबून थांबवलं. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता.

"कुणी केलं हे?"

"मी केलं, अण्णा."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. इतकं नीट त्यांनी मला कधीच बघितलं नव्हतं, बरे होते तेव्हासुद्धा.

"हात लई चांगला हाय तुमचा, पावणं," ते म्हणाले. "तुम्हीच घेऊन जावा हे."

"अण्णा, मी धैर्या. धैर्यशील. तुमचा मुलगा."

ते हसले. माझ्या गुडघ्यावर थोपटलं, समजूत घातल्यासारखं.

"धैर्या साळंत गेलाय. एवढंसं हाय पोरगं." त्यांनी पलंगाच्या कडेएवढी उंची हातानं दाखवली. "त्येला लई हवंय हे, माहीत हाय मला. पर मोडंल की. मोठा झाला की बघू." मग रीळ माझ्या ओंजळीत ठेवून त्यांनी माझी बोटं त्यावर मिटवली. "त्यो यायच्या आत न्या. न्हायतर बघून रडंल."

मी हललो नाही. ते घाबरेघुबरे व्हायला लागले, दाराकडं बघायला लागले. "जावा की पावणं! साळा सुटली असंल!"

वर्षाराणीनं मला डोळ्यांनीच खुणावलं. मी उठलो, चपला घातल्या, रीळ घेऊन बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभा राहिलो. कुठं जाणार होतो? माझं घर तेच होतं.

आतून अण्णांचा आवाज आला, "गेलं न्हवं, ताई, पावणं?"

"गेलं," वर्षाराणी म्हणाली.