गाठ बसली

डॉक्टरसाहेब, तुम्ही एका बाईची झोप चोरलीत. तिचं पोट नीट केलंत, ते कबूल. पण चोरी ती चोरीच.

मालूबाई म्हणजे शनवारा मोहल्ल्यातल्या कन्या शाळेत घंटा देणारी बाई. तीन बाळंतपणांत तिच्या पोटाचे स्नायू फाकले, हर्निया झाला, कातडं पिशवीसारखं लोंबायला लागलं. वाणीसुद्धा विचारायचा, "कितवा महिना, बाई?" ती म्हणायची, "हत्तीन हाये भाऊ, येळ लागते." अन् घरी आरशाकडं पाठ करून लुगडं नेसायची.

बुऱ्हाणपूर नुकताच जिल्हा झाला होता. तुम्ही इंदूरहून दर सोमवारी इथं यायला लागला होता. तुम्ही हर्निया शिवलात, जादा कातडं कापलंत, पोट ताणून शिवलंत. बाई सपाट झाली. गल्लीनं तिला 'हिरोइन' नाव ठेवलं. "ठेवा," ती म्हणाली, "नाव ठेवाले तरी पोट लागते."

पण टाके सुकले तरी त्या रेषेवर गाठी राहिल्या. सुपारीसारख्या कडक. कूस बदलली की कळ पार बरगडीपर्यंत जायची. ती दाखवायला आली. तुम्ही बोटानं दाबलंत, "बैठ जाएगी" म्हणालात, अन् तिनं तोंड उघडायच्या आत "नेक्स्ट".

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"गाठ बसून जाईन म्हने."

नवरा, पंडित, लूमवर कापड विणणारा माणूस. त्याचा चेहरा उतरला. "बसली गाठ सुटत नाई व. आमी तं कातरच लावतो."

उभा जन्म सुतात गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्या दिवसापासून मालूबाईच्या डोळ्यांपुढं कातर. पुन्हा ते टेबल, पुन्हा चिरफाड. की आत भलतंच काही निघालंय, अन् डॉक्टर सांगत नाही? रात्र रात्र ती पोटावर हात ठेवून जागी पडायची.

श्रावणात कानबाई देवी घरी आली. रविवारी मांडणी, रोटांचं जेवण. सोमवारी बायका चौरंगावरची देवी डोक्यावर घेऊन, फुगड्या खेळत तापीवर नेतात. घरातली थोरली सून उचलते. लग्न होऊन आल्यापासून मालूबाईच उचलत आली होती. ढोल वाजायला लागला तसे तिचे पाय जागच्या जागी नाचायला लागले, पण हात पुढं होईनात.

"चाला बाई, उचला," धाकटी जाऊ सुनंदा म्हणाली.

"तू उचल. माह्या गाठी बसल्या. डॉक्टरनंच सांगतलं, बैठ जाएगी."

सुनंदा माहेरची खंडव्याची, हिंदीत वाढलेली. ती म्हणाली, "व बाई, बैठ जाएगी म्हंजे सूज उतरून जाईन. जिरून जाईन. तुमी काय समजल्या?"

मालूबाई मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसण्यानं कळ आली, पोट दाबून धरलं, तरी हसतच राहिली. "अन् हे माहे मालक कातर घिऊन बसले होते व!"

"मले काय मालूम?" पंडित म्हणाला. "डॉक्टर हिंदी बोलला, गाठ मराठी निंघाली."

आख्खं अंगण हसलं. मालूबाईनं उठून चौरंगाला हात घातला, अन् थांबली. "सुनंदा, तू डॉक्टर हायेस का? आज सोमवार. तो दवाखान्यात बसला असन."

सुनंदानं देवी डोक्यावर घेतली. मिरवणूक तुमच्या दवाखान्यापुढं आली, अन् कपाळभर कुंकू लावलेली मालूबाई फुगडी सोडून आत शिरली.

"नंबर लगाओ," कंपाउंडर म्हणाला.

"कानबाईचा नंबर हाये," म्हणत ती तुमच्या टेबलापुढं उभी राहिली. "साहेब, हात लावा अन् पूरं बोला."

तुम्ही बोललात. किती सोपं होतं! "टाँकों के नीचे सूजन है, चर्बी सख्त हो गई है. धीरे-धीरे चली जाएगी. लाल हो, बढ़े, बुखार आए, तो तुरंत आना. और अभी वज़न मत उठाना."

"काटना पडेगा?"

"नहीं. पहले ही पूछ लेतीं."

"पुसत होती. तुमी नेक्स्ट म्हनले."

दारातून चौरंग डुलताना दिसत होता. सुनंदाला तोल अजून नीट सापडत नव्हता. मालूबाईनं आपल्या रिकाम्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

तुम्ही पुढचं नाव पुकारलंत. खकनारची भागाबाई उठली, लुगड्याखाली पोटाला पट्टा, त्यावर दोन्ही हात. मालूबाई जागची हलली नाही. बाहेरून सुनंदा हाका मारत होती.

"आप जाइए," तुम्ही म्हणालात.

"जाते. पयले हिले सांगा," मालूबाई भागाबाईच्या दंडाला धरून म्हणाली. "हिले समजन असं सांगा, मी उभी हाये. बोला साहेब, हिले झालं काय?"