बारा फुटी टेबलावरचा माउस

कटिंग मास्तरांच्या हातात तीन दिवस होते. मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "शनिवारी अकराला कॉम्प्युटरवर बाहीचा मुंढा काढून दाखवा. नाही जमलं तर सोमवारपासून पॅकिंगला." बत्तीस वर्षं कात्री चालवलेला माणूस खोक्यांना चिकटपट्ट्या लावत बसणार, या कल्पनेनेच शिलाई विभाग हळहळला होता.

शिकवायला मास्तरांची भाची होती. ती त्याच कारखान्यात डिझाइनचं काम करायची.

गुरुवारी डबल क्लिक. मास्तर एकदा दाबत, विचार करत, मग पुन्हा दाबत.

"मामा, लागोपाठ!"

"लागोपाठच दाबलं की."

"मधे चहा झाला असता."

तिने सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी केला. फाइल उघडली. कोणी पाहिलं का, म्हणून मास्तरांनी मागे वळून बघितलं.

शुक्रवारी बाण आवरेना. बोट हललं की तो पडद्याच्या पार टोकाला. भाचीने त्याचाही वेग अगदी तळाला नेला. रेष सरळ येऊ लागली, पण मुंढ्याच्या, म्हणजे बाहीच्या खांद्याकडच्या गोलाईच्या, निम्म्या वळणावर माउस टेबलाच्या कडेला जाऊन थांबला.

"बटण दाबूनच ठेवा, माउस उचला आणि मधे आणा."

"उचलू? चालू कापात?"

कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही, नाहीतर कापड सरकतं. मास्तरांच्या हाताला ही सवय हाडापर्यंत मुरलेली. माउस उचलताना बाण सरके आणि मुंढ्याला टेंगूळ येई. मग ते फाइल बंद करून पहिल्यापासून सुरुवात करत. असं नऊ वेळा झालं.

"वेग वाढवू का थोडा?"

"नको. टेबल वाढव."

भाची हसली, मग विचारात पडली. कपाटात एक बिनवायरीचा माउस पडून होता.

शनिवारी मालकीणबाई आल्या, तर कॉम्प्युटर बारा फुटी कटिंग टेबलावर. मास्तर पडद्यावर नजर रोखून माउस सरकवत टेबलाच्या कडेकडेने चालले होते.

"मास्तर, माउस आहे का इस्त्री?"

"बोलू नका बाई, वळण आलंय."

बाईंनी छापलेला कागद पुठ्ठ्याच्या नमुन्यावर ठेवला. केसाचाही फरक नव्हता.

"रेष चोख आहे. पण एका मुंढ्याला सात मिनिटं?"

"घाईत चुकलं तर कापड गेलं ना."

"हे कापड थोडंच आहे? चुकलेलं एका बटणात मागे घेता येतं."

मास्तर भाचीकडे वळले. "घेता येतं?"

"येतं."

"नऊ वेळा बघत बसलीस?"

"सांगितलं असतं तर हात बसला असता?"

बाईंनी हसू दाबलं. "पॅकिंगला मी दुसरं कोणी बघते. पण हे टेबल आता मोकळं करा, कापड पसरायचंय."

"अजून सात मिनिटं द्या," मास्तर माउस सरळ करत म्हणाले. "दुसरी बाही राहिलीय."