समोरचा तिरका दात

शिट्टी आधी यायची, सायकल मागून.

*

एका गिऱ्हाइकाने नवी कवळी परत आणून टेबलावर ठेवली. "ही नको. ही माझ्यापेक्षा हुशार दिसते."

*

शाळेच्या फोटोत सगळी पोरं दात काढून हसताहेत. मागच्या रांगेतल्या एकाचे ओठ मात्र असे मिटलेले, जणू तोंडात चूळ धरून उभा आहे.

*

गुलाबी मेण तापलं की मऊ होतं, निवलं की हट्टाला पेटतं. मधल्या घटकेत काय ते करून घ्यायचं.

*

"त्या दाताला हात लावायचा नाही," आई म्हणाली. का, ते तिने सांगितलं नाही.

*

हे सगळे तुकडे एकाच माणसाच्या आयुष्यातले. लहान गावात, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत तो वाढला. त्याचा वरचा समोरचा एक दात शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून उभा असल्यासारखा होता, म्हणून गल्लीत त्याला तिरप्या म्हणत. पुढे शहरात, कवळ्या बनवायच्या कारखान्यात, तो सगळ्यांचा दादा झाला. आणि आता निवृत्ती आठवड्यावर आलेली असताना दादांच्या वरच्या जबड्यात ना तिरका दात होता, ना सरळ. जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले, स्वतःच्या हिरड्यांकडे बघायला सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. डॉक्टरांनी वरची सगळी रांग काढून टाकली होती.

कारखाना म्हणजे तरी काय, दवाखान्याच्या मागची एक लांबट खोली. खिडकीखाली सलग टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवलेले, आणि सगळीकडे पांढरी भुकटी. इतकी, की घरी गेल्यावर बायको दाराशीच म्हणायची, "आधी झटका स्वतःला, मग आत या."

त्या खोलीत एक खूण ठरलेली होती. काम मनासारखं जमलं की दादा शिट्टी वाजवायचे. गाणं वगैरे नाही, दोनच सूर, एक वर जाणारा आणि एक खाली येणारा. शिट्टी आली की पलीकडच्या टेबलावरचा माणूस न बघताच कवळी ठेवायची डबी पुढे सरकवायचा. आता दात गेले, शिट्टीही गेली. दादा तोंडावर रुमाल धरून बसत आणि मानेने बोलत. डबी कधी सरकवायची ते कोणाला कळेना.

निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी चार शब्द बोलायचे होते. दादांनी सांगून टाकलं, "माझं तोंड मिळालं तर येईन. नाहीतर आभार घरूनच मानीन."

आणि ते तोंड बनवायचं काम धाकटीकडे होतं. ती शिकायला आली तेव्हा सगळ्यांत लहान होती, म्हणून धाकटी. आता तिचे केस पिकायला लागले होते, कारखाना तीच चालवत होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

"हसरा फोटो आणा, दादा," ती म्हणाली.

"फोटो कशाला? सरळ लाव सगळे. एका ओळीत."

"हसरा फोटो पाहिल्याशिवाय दाताला हात लावायचा नाही. हा नियम मला कोणी शिकवला?"

दादा रुमालाआडून पुटपुटले. नियम त्यांचाच होता. म्हणजे खरं तर उस्तादांचा.

*

उस्ताद म्हणजे ज्यांनी दादांना हाताला धरून काम शिकवलं ते. मिठाला जागणारा माणूस, पण जीभ तिखट. दादा नवे असताना त्यांनी पहिली आख्खी कवळी केली ती आपल्या आईसाठी. आईचे दात लवकर गेले होते. वडील गेल्यावर दुकान तिने चालवलं, पंक्चरं काढली, चेन घट्ट करताना ओठ दुमडून हसली, पण तोंड उघडून हसणं सोडलं. पोराने जीव ओतला. एकेक दात आरशासारखा घासला, फूटपट्टी ठेवावी तसे ओळीत बसवले आणि कवळी कापसात गुंडाळून गावी नेली.

आईने ती घातली आणि आरशात बघत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली.

शेजारीण डोकावली. "अगं बाई. पाहुणे कोण आलेत?"

आईने ती कवळी निमूटपणे वापरली. म्हणजे कशी, तर जेवताना काढून ठेवायची आणि जेवण झालं की घालून बसायची. पोराला वाईट वाटू नये म्हणून. दोन दिवसांनी पोराने ते बघितलं आणि कवळी उचलून शहराची वाट धरली.

उस्तादांनी ती उजेडात फिरवून बघितली. "काम झकास आहे. फक्त यात माणूस नाही. तुझ्या आईचे दात असे होते?"

"नव्हते."

"मग ही कोणाची आई? अरे, देवसुद्धा दात फूटपट्टीने लावत नाही. आईचा हसरा फोटो आण."

फोटो मिळाला तो मावशीच्या लग्नातला. आई कोपऱ्यात उभी राहून कोणाला तरी हसत होती. मधल्या दोन दातांत फट, बाजूचा एक जरा आखूड. दादांनी ती फट ठेवली, तो दात आखूड केला. दुसऱ्यांदा कवळी घातल्यावर आई आरशात बघायला उठलीच नाही. जिभेने एकदा चाचपून बघितलं आणि म्हणाली, "आली का मी."

पुढच्या सगळ्या कवळ्या दादांनी तशाच केल्या. गिऱ्हाईक म्हणायचं सरळ पाहिजेत, दादा म्हणायचे फोटो आणा. उस्ताद गेले, नियम राहिला. घर उभं राहिलं ते त्याच नियमावर, असं दादा मानत. अशा लांबट खोलीत, अशा उस्तादाच्या हाताखाली पडलो, नाहीतर गल्लीतला तिरप्या गल्लीतच राहिला असता. हे ते कधी मोठ्याने बोलले नव्हते. निरोपाच्या दिवशी बोलायचं होतं ते नेमकं हेच.

त्याच उस्तादांनी एकदा त्यांचा तिरका दात काढून नवा बसवायची तयारी दाखवली होती, फुकट. तेव्हा आई गावाहून आलेली. "त्या दाताला हात लावायचा नाही" हे तिने तेव्हा म्हटलं, आणि उस्तादांसारख्या उस्तादाने हत्यारं आवरली.

*

हसरा फोटो नव्हताच. घरात पेटी उपसून झाली. शाळेतला बघितला, लग्नातला बघितला.

"तोंड शिवून उभे होता लग्नाला," बायको म्हणाली. "माझ्या मामाला वाटलं, मुलगा मुका आहे. तसं विचारलंसुद्धा त्याने."

"मग?"

"मी म्हटलं, असेल तर बरंच."

शेवटी धाकटीने त्यांच्या म्हणण्याप्रमाणे केलं. मेणाच्या हिरड्यांत दात सरळ ओळीने लावले. ही तालीम असते. मेणात असेपर्यंत हवा तो बदल करता येतो, एकदा पक्की कवळी झाली की संपलं. मेणाला ऊन लागू नये म्हणून थंड पाण्याच्या डब्यात घालून ती साच्यासकट घरी पाठवली. चिठ्ठीत एवढंच: "उद्या दुपारपर्यंत कळवा. मग पक्की करते."

दादांनी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घातली. बायको समोरच होती, भाजी निवडत.

"कसं दिसतंय?"

तिने मान वर केली. जरा वेळ बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली आणि परत भाजीकडे वळली.

आवाज नेमका तोच. आरशासमोरच्या आईचा. दादांनी ओठ गोल करून फुंकर घातली. नुसती हवा निघाली.

सरळ दातांची हौस काही आजची नव्हती, तिरप्या म्हणून पहिली हाक ऐकली तेव्हापासूनची होती. ती आता हातात, नव्हे तोंडात, आली होती. आणि आत कोणीतरी पाहुणा येऊन बसला होता.

त्यांनी मेणातले दात साच्यावर ठेवले, उठून गॅस पेटवला आणि सुरीचं टोक तापवलं.

"माझी सुरी आहे ती," बायको म्हणाली.

"धुऊन देतो."

"मेण निघतं का धुऊन?"

तापल्या टोकाने त्यांनी एका दाताभोवतीचं मेण सैल केलं, दात किंचित वळवला, शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकवला, मेण निवू दिलं. असं काम त्यांनी किती तोंडांसाठी केलं होतं, डोळे मिटूनही जमलं असतं. पाण्यात बुचकळून पुन्हा घातलं.

बायको हसायला लागली. भाजीची जुडी बाजूला ठेवून हसली.

"आता काय झालं?"

"दुसऱ्याच बाजूला केलात."

"काहीतरीच. मी रोज बघत होतो आरशात."

"आरशात ना? मी समोरून बघत होते. इतकी वर्षं या टेबलाशी तुमच्यासमोर बसून जेवतेय. तो दात माझ्या उजव्या हाताला असतो. मीठ ठेवते त्या बाजूला."

दादांनी मिठाच्या बरणीकडे बघितलं. मग साच्याकडे. मग पुन्हा बरणीकडे. शहरातल्या निम्म्या लोकांच्या दातांचं डावंउजवं ज्याने कधी चुकवलं नाही, त्याने स्वतःचा दात मात्र आरशातल्या माणसाला नेऊन दिला होता.

"तू हे कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"काय बोलायचं? तुमचा दात कुठे आहे हे तुम्हाला सांगू?"

"म्हणजे, बघत होतीस हे."

"मग जेवताना काय भिंतीकडे बघू?" तिने सुरी उचलून त्यांच्या हातात दिली. "करा नीट. अजून थोडा पुढे होता. अहो, इतका नाही. हां. आता जरासा खाली."

ती सांगत गेली, ते वळवत गेले. मध्ये दोनदा मेण निवलं, दोनदा तापवलं. शेवटी ती थांबली आणि सुरी घेऊन घासायला गेली. दादांनी कवळी तोंडात घातली, ओठ गोल केले. मेण हललं, दात डगमगले, तरी वरचा सूर निघाला. खालचा अर्ध्यात तुटला.

नळाशी उभ्या बायकोने मागे न बघता टेबलावरचा पाण्याचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

*

निरोपाच्या दिवशी लांबट खोलीतले जबडे एका कोपऱ्यात सारून खुर्च्या मांडल्या होत्या. दादा उभे राहिले. उस्तादांचं बोलले, आईच्या दोन कवळ्यांचं बोलले, बायकोकडे बघून मिठाच्या बरणीचंही बोलले. या खोलीने आपल्याला काय काय दिलं ते सांगायला घेतलं आणि तिथे गाडी अडली. लोक वाट बघत राहिले.

"राहू द्या, दादा," धाकटी म्हणाली. "पोचलं."

दादांनी मान हलवली. मग शिट्टी वाजवली, दोन्ही सूर, वरचा आणि खालचा. नव्या कवळीची सवय नव्हती. थुंकीचे शिंतोडे धाकटीच्या चष्म्यावर उडाले. तिने चष्मा पदराने पुसला आणि हसत डबी पुढे सरकवली.

त्यानंतर सगळ्यांचा फोटो काढला. त्यात दादा मधे आहेत, तोंड उघडं आहे.

*

सायकली दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या वडिलांचा वरचा समोरचा डावा दात तिरका होता, आणि घरी येताना त्यांची शिट्टी सायकलीच्या आधी पोचायची.