भूल देणारीची साक्ष

कोर्टात जाताना वकील प्रेस्टनने रॉक्सॅनला गाडीतच बजावलं, "आज तुम्हाला एकच शब्द बोलायचाय. डॉक्टरांनी सांगितलं का? हो. तुम्ही ऐकलंत का? हो. संपलं. संध्याकाळी घरी जाऊन पाय वर करून बसा."

रॉक्सॅन कुबिचेकने मान डोलावली. तिचं काळीज पहाटेपासून नुसतं उड्या मारत होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा ती इतकी उतावीळ नव्हती, आणि इथे तर सगळं गाव तिचे वाभाडे निघताना बघायला बाकांवर दाटीवाटीने येऊन बसलं होतं.

नेब्रास्कातल्या त्या आडगावात भूल द्यायला डॉक्टर कधी आलाच नाही. आला असता तरी टिकला नसता. बाळंतपण असो, हर्निया असो, मळणीयंत्रात सापडलेला हात असो, भूल द्यायची रॉक्सॅननेच. होती नर्स, पण भूल देण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली. डॉक्टर थर्लो कापायचे आणि शिवायचे. माणूस श्वास घेतोय ना, हे बघायचं ते हिने. राजधानीत, लिंकनला, आमदारांच्या समितीसमोर जाऊन ती एकदा ठणकावून आली होती की भूल आमची, निर्णय आमचा, आमच्या डोक्यावर डॉक्टर बसवायची काही गरज नाही. त्या दिवशी आमदारही जरा सावरून बसले होते म्हणे.

आणि त्याच साली तो शनिवार उजाडला. फुटबॉलच्या मोसमातला शनिवार म्हणजे आमच्याकडे लग्नं ठरत नाहीत, मयतीसुद्धा लोक सोमवारवर ढकलतात. पण मर्ल व्होंद्राचेकच्या अपेंडिक्सला हे कुणी सांगायचं? मर्ल म्हणजे गुरांच्या बाजारातला लिलाव पुकारणारा. त्याची जीभ एकदा सुटली की आपण विकले गेलो हे बैलालाही कळत नसे. त्याला टेबलावर घेतलं तेव्हा कोपऱ्यात रेडिओ चालू होता, मॅच रंगात आली होती. श्वास देणाऱ्या मशीनची घंटी दुपारभर उगाचच वाजत होती, म्हणून तिचा आवाज उतरवला गेला. मग चादरीखाली श्वासाची नळी मशीनपासून निसटली. घंटी वाजली असणार, कुणाला ऐकू आली नाही. थर्लोंच्या लक्षात आलं की रक्त काळपट दिसतंय. नळी जोडली, मर्ल वाचला. पण मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि ती जीभ गेली. आता त्याचा एकेक शब्द ओढून काढावा लागतो.

मर्लने आणि त्याच्या बायकोने, लव्हॉनने, थर्लो आणि रॉक्सॅन दोघांवरही खटला भरला. आणि सगळा खटला येऊन अडला एका गोष्टीवर. घंटीचा आवाज कुणी उतरवला? रॉक्सॅनने आपल्या मनाने उतरवला असेल तर दोष तिचा, आणि मग लायसन्सवरही गदा येणार. डॉक्टरांच्या हुकमाने उतरवला असेल, तर कोर्टात एक जुनं तत्त्व होतं: ऑपरेशनची खोली म्हणजे जहाज, सर्जन कप्तान, बाकीचे सगळे त्याचे नुसते हात. हातांना कोण दोष देतो? प्रेस्टन त्या तत्त्वाला मुंगळ्यासारखा चिकटला होता.

सकाळी थर्लो साक्षीला उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आवाज कमी करायला मी सांगितलं. त्या खोलीत कप्तान मीच होतो."

त्यांच्या स्वतःच्या वकिलाने कपाळाला हात लावला. प्रेस्टनच्या चेहऱ्यावर दिवाळी. आणि रॉक्सॅन? तिला वाटलं, उठावं आणि त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावं.

जेवणाच्या सुट्टीत कोर्टाच्या तळघरात चर्चच्या बायका चिलीचं झणझणीत कालवण आणि दालचिनीचे रोल विकत होत्या. थर्लो वाडगा घेऊन तिच्याच समोर येऊन बसले.

"डॉक्टर, शपथेवर खोटं बोललात तुम्ही," ती दातओठ खाऊन म्हणाली.

"हळू बोल. मी या उन्हाळ्यात काम सोडतोय. माझा विमा भरेल, मर्लला पैसे मिळतील, तुझं लायसन्स राहील. गावाला भूल द्यायला दुसरं आहे कोण?"

"म्हणजे माझ्यावर उपकार."

"उपकार कसले? माझ्या खोलीत जे घडतं ते माझंच असतं, पोरी."

पोरी! रॉक्सॅनचा चमचा वाडग्यातच राहिला. इतकी वर्षं शेजारी उभं राहून माणसं झोपवली, जागी केली, आणि हा भला माणूस मनातून तिला अजून हातच समजत होता. वाईट म्हणावं तर तो तिला वाचवत होता. चांगलं म्हणावं तर संतापाने तिच्या कानांतून धूर निघायचा बाकी होता.

"रोल खाऊन घ्या," ती म्हणाली, "गार होतोय."

दुपारी तिला पिंजऱ्यात बोलावलं. मर्लची वकीलबाई ओल्डेनकॅम्प चष्मा सावरत पुढे आली. "डॉक्टर थर्लोंनी तुम्हाला घंटीचा आवाज उतरवायला सांगितलं होतं का?"

एक शब्द. प्रेस्टन ओठांतल्या ओठांत 'हो' पुटपुटतच होता. आणि रॉक्सॅनला कळलं की पहाटेपासून आपण कशाची वाट बघत होतो.

"नाही," ती म्हणाली.

प्रेस्टनचं पेन खाली पडलं. थर्लो अर्धवट उठले. "रॉक्सॅन, मी सांगितलं होतं. तुला आठवत नसेल."

"डॉक्टर, तुम्ही व्हर्माँटचे, बाहेरचे. तुम्हाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. रेडिओ मी लावला होता. घंटीमुळे मला मॅच ऐकू येईना, म्हणून आवाज मी उतरवला."

कोर्टात हलकल्लोळ. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. जजबाईंनी हातोडा आपटला आणि थर्लोंना खाली बसवलं.

"सावध भूलनर्सने असं केलं असतं?" ओल्डेनकॅम्पने विचारलं.

"मुळीच नाही. माझ्या हाताखालच्या विद्यार्थिनीने केलं असतं तर मी तिला त्याच दिवशी हाकललं असतं."

"पण कप्तान तर डॉक्टर होते ना?"

"ते पोटात बघत होते, तेच त्यांचं काम. मर्लचा श्वास माझ्या हातात होता. हे मी लिंकनला छाती पुढे काढून सांगितलं होतं. तिथे फोटो काढून घेताना निर्णय माझा, आणि बिघडलं की डॉक्टरांचा? असं कसं चालेल?"

बोलताना तिचा आवाज चढत गेला. डोळे भरून आले होते तरी तिला इतकं हलकं वाटत होतं की कठडा धरून उभं राहावं लागलं.

ज्यूरीने फार वेळ घेतला नाही. दोष सगळा रॉक्सॅनचा. डॉक्टर मोकळे. लायसन्सचं पुढे नर्सिंग बोर्ड ठरवणार होतं, आणि ते काय ठरवणार हे सांगायला वकील नको होता. थर्लो बाहेर पडताना तिच्याजवळ थांबले. मग, उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी तिच्यापुढे हात केला. सर्जन सर्जनशी करतो तसा. तिने तो घट्ट दाबला.

दारापाशी लव्हॉन मर्लला कोट घालत होती. रॉक्सॅन समोर येताच ती ताठ झाली. "बाजूला हो," ती म्हणाली.

पण मर्लने बायकोचा हात धरला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. लोक जिन्यावरून उतरत होते, बाहेर गाड्या सुरू होत होत्या, आणि रॉक्सॅन जागची हलली नाही. तिने एकही शब्द त्याच्या आधी पुरा केला नाही.

"झोपवताना... म्हणालीस..." मर्लने श्वास घेतला. "मी... इथेच... आहे."

"म्हणाले होते," ती म्हणाली. प्रत्येकालाच म्हणायची ती.

"तेव्हा... नव्हतीस."

"नव्हते, मर्ल."

लव्हॉनने त्याच्या कोटाचं शेवटचं बटण लावलं.

"आज..." तो म्हणाला, "होतीस."